दगडाचं पोट

म्हसावदच्या वाहिदभाईला सुविचारांचा भयंकर राग होता. माणूस वाईट विचारांचा होता असं नाही, पण 'संयम हाच खरा दागिना' असलं काही कानावर पडलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याची लाइट जात नाही, मोटर जळत नाही, पट्टा तुटत नाही, तो संयमावर बोलतो. ज्याची जाते तो वायरमनला फोन लावतो.

आणि नशीब असं, की गावातला सुविचारांचा सगळा साठा ज्यांच्याकडे, ते उमाकांत गुरुजी रोज सकाळी त्याच्याच चक्कीच्या ओट्यावर येऊन बसायचे. गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. शाळेचा फळा सुटला, पण हातातला खडू सुटला नाही. तेव्हा त्यांनी वाहिदभाईच्या चक्कीचं लाकडी दार धरलं. रोज एक वाक्य, वळणदार अक्षरात. दुपारपर्यंत पीठ उडून ते निम्मं झाकलं जायचं, आणि तेवढ्यापुरता वाहिदभाई आपल्या धंद्याचे आभार मानायचा.

त्याचं वय अठ्ठावन्न. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या कायमच्या पांढऱ्या. त्याचे केस पिकलेत की पीठ लागलंय हे त्याची बायको शकीलासुद्धा ईदच्या आंघोळीनंतरच सांगू शकायची. चक्की वडिलांची. तेव्हा डिझेलचं इंजिन होतं, छपरावर पत्र्याची नळी, आणि तिचा कूक-कूक आवाज शेतापर्यंत जायचा. वडिलांची दोन बोटं पट्ट्यात गेली त्या वर्षी वाहिद नववीत होता. दहावी राहिली ती राहिलीच. पुढे इंजिन जाऊन मोटर आली, वडील गेले, मुलगा तौसिफ सुरतला लागला. चक्कीचे दगड मात्र त्याच जागी आणि वाहिदभाईही त्याच जागी.

ज्वारी, बाजरी, दादर, गहू, हरभऱ्याची डाळ, वर्षभर असं दळण चालायचं. पण वाहिदभाईचा खरा सण श्रावणात असायचा, आणि तो त्याचा नव्हताच. तो कानबाईचा.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू मोजायची रीत आहे. घरात जितके पुरुष, म्हातारे नि पाळण्यातली पोरं धरून, तितक्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ. ते गहू वेगळ्या कापडात बांधायचे, वेगळे दळायचे. त्याचं जे शिजेल ते भाऊबंदकीनेच खायचं. बाहेर एक तुकडा जायचा नाही. म्हणून रोटाचं दळण ज्याच्याकडे, त्याने चक्की धुवून-पुसून ठेवायची. वाहिदभाईच्या वडिलांनी ती ठेवली आणि वाहिदभाईनेही. शुक्रवारी दुपारी दळण बंद. दगड उतरवायचे, छिन्नी-हातोडीने त्यांना टाकी लावून धार करायची, धुवायचे, पंख्याखाली वाळवायचे. खालच्या तोंडाला नवी कापडी बाही बांधायची. शनिवारी सकाळपासून फक्त रोटाचे गहू. त्या दिवशी कोणी बाजरीची पिशवी घेऊन आलं तर वाहिदभाई असा ओरडायचा की जणू त्याच्याच घरी कानबाई बसणार आहे.

एवढं गावाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

वाहिदभाईने चक्की हातात घेतली त्या पहिल्या वर्षी पहिला मान धनुबाईच्या घराचा होता. तापीच्या काळ्या रानातलं जुनं शेतकरी घर, माणसं भरपूर. संध्याकाळी धनुबाईचा नवरा दोधू पाटील स्वतः आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "वाहिद, पीठ दोन मूठ कमी उनं रे. काही हरकत नही. पन आमना घरमा माणसं मोजीसन गहू ऱ्हातस."

वाहिदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वडिलांना विचारलं. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "पत्थर पहले अपना पेट भरता है, बाद में लोगों का."

धुतलेली चक्की रिकामी असते. पहिलं जे पीठ पडतं ते दगडांच्या फटीत, कडेच्या पोकळीत बसतं, बाहेर येत नाही. आणि नव्याने टाकी लावलेली असेल तर पहिल्या पिठात दगडाची कच येते, दाताखाली कचकचते. वडील इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी एकटेच काय करत होते, ते त्या दिवशी वाहिदला कळलं. पुढल्या वर्षापासून त्याने तेच सुरू केलं. शनिवारी सकाळी घरच्या खायच्या गव्हातले पाच किलो आधी दळायचे. बाहेर पडलेलं कचीचं पीठ कोंबड्यांना. आत राहिलेलं दगडाच्या पोटात. मग पहिलं गाठोडं.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? फक्त शकीलाला माहीत होतं, कारण ते पाच किलो निवडायची तीच. सुपात खडे बाजूला करता करता दरवर्षी एकदा म्हणायची, "सारे गाँव के रोट में हमारे गेहूँ, और अपने को एक टुकड़ा नहीं. ये कौन सी रीत है जी?"

"तू खडे निकाल," वाहिदभाई म्हणायचा.

एकतीस वर्षं असं चाललं. पूर्वी शनिवारी साठ-साठ गाठोडी लागायची. मग घराघरात घरघंट्या आल्या, कपाटासारख्या, बटण दाबलं की दळण. साठाची चाळीस झाली, चाळीसाची पंचवीस. गेल्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवनीतने चकाचक पोलादी चक्की टाकली. स्वतःचा जनरेटर, बसायला खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. वाहिदभाईला नवनीतचा राग नव्हता, पोरगा कष्टाळू होता. राग होता तो त्या टीव्हीचा. दळण दळताना माणसाने काय टीव्ही बघायचा असतो?

यंदा एकोणीस घरं होती. तौसिफ फोनवर म्हणाला होता, "अब्बा, बस करो अब. जगह भाड़े पे दे दो, सुरत आ जाओ." वाहिदभाईने उत्तर दिलं होतं की रोटाचं दळण आहे तोवर चक्की आहे. रोट गेले की मीच कुलूप लावीन, तुला सांगावं लागणार नाही. तोंडातून निघून गेलं खरं, पण वाहिदभाईचा शब्द म्हणजे त्याच्या चक्कीचा खालचा दगड. एकदा बसवला की हलायचा नाही. एकोणीस गाठोडी म्हणजे त्याच्यासाठी आता नुसतं दळण राहिलं नव्हतं.

शनिवार उजाडला. दगड बसवले होते. शकीलाने निवडलेल्या गव्हाचा पत्र्याचा डबा आणून भिंतीपाशी ठेवला. सकाळी सातला वाहिदभाईने स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर एकदा हुंकारली आणि लाइट गेली.

"या अल्लाह," शकीला म्हणाली.

 वाहिदभाई फार चिडला की आधी गप्प व्हायचा. पाच मिनिटांनी बाहेर जाऊन बघून आला. चौकातल्या डीपीतून धूर निघत होता, आणि धूर बघायला जमलेले चार जण एकमेकांना धूर दाखवत होते.

वायरमनचा फोन सात वेळा वाजला. आठव्यांदा उचलला. "हां हां वाहिदभाऊ, निंघनू मी." नऊ वाजता परत लावला. "निंघनू ना." अकराला तो अजून निघतच होता. म्हसावदमध्ये निघालेला माणूस पाच मिनिटांत कुठेही पोचतो. हा मात्र चार तास निघत होता.

इकडे बायका यायला लागल्या. डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेले गहू. लाइट नाही म्हटल्यावर गाठोडं भिंतीपाशी ठेवून ओट्यावर बसायच्या. एकावर एक गाठोडी रचली गेली, आणि त्यांच्यामागे तो पत्र्याचा डबा हळूहळू दिसेनासा झाला. प्रत्येकीचा एकच प्रश्न.

"वाहिदभाऊ, लाइट कव्हय येई?"

"माले इचारी ऱ्हायनात? मी काय वायरमन शे का?"

"नही, पन तू फोन करा व्हई ना त्याले."

"करा ना. निंघना शे तो."

आणि गुरुजी? गुरुजी आलेच होते. त्यांचंही गाठोडं होतं. ते ठेवून, खिशातला खडू काढून त्यांनी दारावर लिहिलं: 'धीर धरणाऱ्यालाच गोड फळ मिळते.' मग दोन पावलं मागे सरून अक्षर बघितलं आणि 'ळ'ची गाठ पुन्हा नीट केली.

वाहिदभाईने त्या दाराकडे पाठ केली. पण कान कुठे फिरवणार? "वाहिदभाऊ," गुरुजी सांगत होते, "चिडून वीज येत नाही. आपल्या हातात जे नाही त्याचा विचार सोडून द्यावा." एरवी घरी ते अहिराणीच बोलायचे, पण उपदेश करताना त्यांना शाळेचीच मराठी लागायची. वाहिदभाईच्या मनात आलं, की माझ्या हातात जे नाही ते जर दुपारपर्यंत आलं नाही, तर ही एकोणीसच्या एकोणीस गाठोडी उठून नवनीतकडे जातील. त्याचा जनरेटर आहे. आणि एकदा तिकडे गेलेलं गाठोडं पुढच्या श्रावणात इकडची वाट विसरेल. हे गुरुजींना सांगून काय उपयोग? लोका सांगे ब्रह्मज्ञान. पेन्शन काही डीपीवर चालत नाही.

जेवायला तो उठला नाही. शकीला ताट घेऊन आली तर म्हणाला, "रख दे." तिने ठेवलं. त्यावर माश्या बसायला लागल्या तेव्हा परत नेलं.

दुपारी दोनला दोघींनी गाठोड्याला हात लावला. उद्या स्वयंपाक, आज पीठ नको का? त्यांचंही खोटं नव्हतं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली धनुबाई बोलली. सत्तरी गाठलेली बाई, दोधू पाटलाला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण घराचा दोर अजून तिच्या हातात होता. "बसा वं माय. नवनीतनी सकाय मिरच्या दळ्यात. मन्हा डोयासमोर. दगड धवाई जास, पोलादना वास जाई का?"

बायका बसल्या. वाहिदभाईला वाटलं, आता हिच्या पाया पडावं. 

धनुबाई थांबली होती तिचंही कारण होतं. यंदा तिच्या घरी दहाचे अकरा झाले होते. धाकट्या हेमकांतला चार महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता. पोराच्या नावाची पहिली सव्वा मूठ त्या गाठोड्यात होती. आणि तिच्या घरचा नियम गावाला ठाऊक होता: मूठ एकदाच मोजायची. सांडली, विखुरली, काही झालं तरी पुन्हा मोजणं नाही.

पावणेपाचला आत बल्ब पेटला.

"लाइट उनी! लाइट उनी!" सगळा ओटा उठला. वायरमन कधी आला, कधी गेला कोणी पाहिलं नाही. पण जाताना कोणाला तरी सांगून गेला होता की डीपी टिकेल याचा भरवसा नाही, उरकून घ्या.

झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बायका आत घुसल्या. गुरुजी मध्येच उभे राहून रांग लावायला लागले आणि त्यामुळे रांग लागेना. वाहिदभाईच्या डोक्यात दहा तासांचं जे साठलं होतं ते सगळं एकदम हातात आलं. स्टार्टर दाबला. पट्टा फिरला. पहिला मान कोणाचा हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने धनुबाईचं गाठोडं उचललं, गाठ सोडली आणि चक्कीच्या तोंडात ओतलं.

अर्ध्या मिनिटात त्याच्या कानाला कळलं. भरलेला दगड घुमतो. हा खणखणत होता. त्याने बाहीखाली हात धरला, चिमूट चोळली. कच. अंगठ्याला टोचावी अशी कच. आणि पीठ यायचं थांबलंसुद्धा.

त्याने चक्की बंद केली. भिंतीकडे बघितलं. गाठोड्यांच्या फटीतून पत्र्याच्या डब्याची कड दिसत होती.

एकतीस वर्षांत एकदाही नाही. ताप असताना नाही, वडिलांच्या चाळिसाव्याच्या दिवशी नाही. आणि आज, ज्या दिवशी एकेक घर हाताने धरून ठेवलं, त्या दिवशी. वाहिदभाईला स्वतःचा असा संताप आला की दगडावर डोकं आपटावं.

तसा मार्ग होता. अगदी सोपा. हे पीठ बाजूला सारायचं, डब्यातले तेवढेच गहू दळायचे, कापडात बांधून धनुबाईच्या हातात द्यायचे. गहू गव्हासारखा असतो. कोणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने गाठोडी बाजूला करून डबा पुढे ओढलासुद्धा. झाकण उघडलं.

"व्हयनं का रे?" धनुबाई दारातून म्हणाली. तिने पदराची झोळी पसरली होती. "आन भाऊ. मन्हा नातूनं पहिलं रोट शे."

वाहिदभाईचा हात डब्यातच थांबला. आणि नेमक्या त्या क्षणी गुरुजींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाहिदभाऊ, घाई करू नका. शांत डोक्याने केलेलं काम कधी..."

"गुरुजी, बस करा!"

चक्की बंद होती म्हणून तो आवाज चौकापर्यंत गेला.

"बस करा तुमना सुविचार! एकतीस वरीस व्हयनात, दर सालले मी पहिले मन्हा घरना पाच किलो गहू दळस. दगडनं पोट भरस, कच काढस, मंग तुमना रोट. आज त्या लाइटना नादमा इसरी गऊ. हाई दख माय, तुन्हं पीठ. कच शे. कमी शे. तुन्हा नातूनी मूठ मी वाया घाली. मन्ही चूक शे, मन्ही एकलानी!"

 बल्बभोवती पिठाचा धुरळा तेवढा फिरत होता.

पहिल्यांदा गुरुजींच्या डोक्यात प्रकाश पडला. शिकलेला माणूस. "एक मिनिट," ते म्हणाले, आणि त्यांची शाळेची मराठी गळून पडली. "पहिले तुन्हा गहू दळस. ते पीठ दगडमा ऱ्हास. म्हंजे मंग ते आमना रोटमा येस?"

"थोडं येसच," वाहिदभाई म्हणाला. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. "मन्हा घरनं धनुमायना रोटमा जास, धनुमायनं पुढला नंबरना नवलना, नवलनं तुमना. दगडले भाऊबंदकी नही समजस, गुरुजी."

"हाई तू पहिले सांगाले पाहिजे व्हतं."

"सांगतू त तुम्ही दळतात का?"

 गुरुजींनी भिंतीपाशी जाऊन आपलं गाठोडं शोधलं, काखेत घेतलं आणि बाहेर पडले. जाताना खडूच्या ओळीला त्यांचा सदरा घासला, आणि 'गोड फळ' पुसलं गेलं. त्यांच्यामागून आणखी एकजण उठली. नजर चुकवत म्हणाली, "घरमा सासूबाई ऐकाव नही, भाऊ." तिचं गाठोडंही गेलं.

वाहिदभाई मोजत होता. एकोणिसाचे सतरा. आता सतराचे सोळा, मग पंधरा. होऊ दे. कुलूप कुठे ठेवलंय तेही त्याला आठवलं, देवळीत, पेंडीच्या डब्याखाली. त्याला राग येईनासा झाला होता, आणि राग नसला की त्याला फार एकटं वाटायचं.

धनुबाई आत आली. पायरी चढायला तिला वेळ लागला. तिने कापडातलं पीठ बोटाने चाखलं, कच दाताखाली आली, तोंड वाकडं केलं.

"कित्ला गहू टाकस तू दर सालले?"

"पाच किलो."

"निवडेल ऱ्हातस?"

"शकीला निवडस. एक खडा नही निंघाव."

"हं." तिने बोटं झटकली. "आनि आते मन्हं बाकीनं पीठ कोठे शे?"

"दगडमा."

"दगडनं पोट भरनं?"

वाहिदभाईने पट्टा हाताने थोडा फिरवला, कान दिला. "भरनं."

"मंग व्हयनं ना! एकतीस वरीस तू भरं, एक वरीस मी भरं. त्यामा इतलं बोंबलानं काय शे?" मग तिचा आवाज चढला. "राग माले त्याना नही. राग याना शे की तू इसरना. गहू पुढे ठेयेल शेतस आनि माणूस इसरी जास. हाई काय वय शे का तुन्हं?"

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं. वाहिदभाईला हसू आलं नाही. "पन तुन्हा नातूनी मूठ, माय?"

धनुबाईने वरच्या बल्बकडे बघितलं. तो एकदा लुकलुकला होता. तिचं घर गावाच्या टोकाला, गुडघे कुरकुरणारे. "घर जाऊ, गहू लऊ, तवलगून तुन्ही लाइट ऱ्हाई?"

"सांगता नही येस."

"मंग तो डब्बा आन."

नवलची बायको मोहिनी रांगेत दुसरी होती. तिने घाबरत विचारलं, "माय, तुमनाकडे मूठ एकदाच मोजतस ना?"

"पहिली दगडले गई," धनुबाई म्हणाली. "आते माणसेसनी मोजस. आनि ज्याना गहू एकतीस वरीसथीन मन्हा घरमा शिजी ऱ्हायनात, ते परका गहू कसा व्हतीन?"

शकीलाने दारातून पाण्याचा तांब्या पुढे केला. धनुबाईने हात धुतले, पदराला पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाहिदभाईच्या डब्यात हात घातला. कचीचं पीठ तिने आधीच वेगळं बांधून ठेवलं होतं; सोमवारी कानबाईबरोबर नदीत सोडायला.

तिने मूठ भरली, कापडावर ओतली. वर पाव मूठ. ओठ हलत होते, प्रत्येक मुठीला एक नाव. मोठा मुलगा. त्याची दोन पोरं. दीर, दिराचे मुलगे. हेमकांत.  मूठ मोजताना बोलत नाहीत. वाहिदभाईला उगाच काहीतरी करायचं होतं म्हणून तो पट्ट्यावरचं पीठ झटकत राहिला, पण मनातल्या मनात तोही मोजत होता. सवय. आठ. नऊ. दहा. अकरावी मूठ तिने हळू भरली, आणि तिच्या सुरकुतलेल्या हातातून एक दाणाही खाली पडला नाही. चार महिन्यांच्या पोराची.

वाहिदभाई कापडाची टोकं उचलायला वाकला. धनुबाईचा हात परत डब्यात गेला.

"माय, अकरा व्हयनात."

"माहीत शे."

मूठ कापडावर पडली. वर पाव मूठ.

"मंग हाई बारावी कोनी?" वाहिदभाई वैतागून म्हणाला. त्याला चुकीचं मोजलेलं सहन व्हायचं नाही, आणि आजच्या दिवसात आणखी एक चूक त्याला झेपणार नव्हती. "परत मोजी ले. नीट मोज."

धनुबाईने कापडाची गाठ स्वतः मारली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. "मन्हा घरना माणसं मी मोजसू. तू चक्की चालाड, लाइट चालनी जाई."

वाहिदभाई गाठोडं धरून उभा राहिला. दारात शकीलाने तोंडाला पदर लावला होता. डोळ्यात पीठ गेलं असं म्हणायची सोय त्याला आयुष्यभर होती, पण चक्की अजून सुरूच झाली नव्हती.

त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.